गलाईवाल्या मामाचा प्रश्न: आभाळातलं सोनं जमिनीवरून ओळखलं कसं?

विटेकरीण | रविवार, रात्री ९:५०

परवा मुलाच्या शाळेनं दंडोबाच्या डोंगरावर आकाशदर्शन ठेवलं होतं. सहा इंची दुर्बीण एक, रांगेत सत्तर माणसं आणि तिवईचा एक पाय ढिला. डोळा लावला की गुरू पळालाच. तरी चार चंद्र दिसले, पोरं खूश.

सोबत माझा मामा होता. आमच्या भागातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून शुद्ध सोनं वेगळं काढायचं, लगड करायची. मामा वयाच्या चौदाव्या वर्षापासून तमिळनाडूत आहे. यात्रेला म्हणून गावी आलाय.

तर तिथले सर म्हणाले, की सोनं मेलेल्या ताऱ्यांच्या टकरीत तयार होतं आणि २०१७ मध्ये चिलीमधल्या दुर्बिणींनी अशी टक्कर बघितली. मामा गालातल्या गालात हसला. परत येताना गाडीत म्हणाला, "आगं, लगड माझ्या हातात असती, तरी टंच काढल्याबिगर मी छातीठोक सांगत न्हाई. आन् ह्यांनी इथनं बघून सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. इथं जाणकार आहेत म्हणून धागा काढला. कृपया व्हिडिओ चिकटवू नका, मामाला वाचून दाखवता येईल असं लिहा.

---

पेठभाग | रात्री १०:०५

मामांना विचारा, आभाळातनं माल यायला लागला तर भाव उतरंल का? बायकोला काय सांगू?

(वाचतोय. चांगला धागा.)

---

धनूरास | रात्री ११:२०

ताई, मी साताऱ्याचा. हौशी निरीक्षक, कासच्या रस्त्यावर रात्री थंडीत कुडकुडणाऱ्यांपैकी. मला माहीत आहे तेवढं सांगतो.

१७ ऑगस्ट २०१७, आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं. अमेरिकेतल्या दोन आणि इटलीतल्या एका गुरुत्वलहरी (जड वस्तू आदळल्या की अवकाशात उठणारे तरंग) पकडणाऱ्या यंत्रणेत मिळून एक थरथर नोंदली गेली. ती शंभरेक सेकंद चालली. पाठोपाठ दोनेक सेकंदांत अवकाशातल्या फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांची एक चमक दिसली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळले होते. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याचं मेल्यावर उरलेलं गाठोडं. वजन सूर्यापेक्षा जास्त, व्यास २० किलोमीटरच्या आसपास. सांगलीतून निघालात तर तासगावच्या अलीकडंच संपला.

पण ह्या यंत्रणांना दिशा अंधूक कळते. त्यांनी आभाळाचा जो तुकडा दाखवला त्यात शंभराहून जास्त पूर्ण चंद्र मावले असते. तिथं नेमका कुठं दिवा लागलाय हे शोधायचं काम जमिनीवरच्या दुर्बिणींचं. त्यातही पंचाईत अशी, की तो भाग त्या दिवसांत सूर्याजवळ होता. अंधार पडल्यावर थोडाच वेळ वर, मग मावळला. आणि अंधार पडायचा होता चिलीत.

लास कँपानास वेधशाळेत स्वोप नावाची दुर्बीण आहे, आरसा फक्त १ मीटरचा. तिथल्या गटानं साधी युक्ती केली. त्या पट्ट्यात, साधारण तेवढ्याच अंतरावर कोणकोणत्या दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) आहेत याची यादी केली आणि एकेकीचा फोटो काढत सुटले. NGC असं इंग्रजीत लिहितात ती 'एनजीसी ४९९३' समोर आली, तेव्हा जुन्या फोटोत नसलेला एक ठिपका तिथं होता. टक्कर होऊन जेमतेम अकरा तास झाले होते. आपल्याकडे १८ तारखेची पहाट, पाच वाजलेले. त्यानंतर तासाभरात आणखी काही दुर्बिणींनी आपापल्या परीनं तोच ठिपका टिपला. अंतर १३ कोटी प्रकाशवर्षं.

सध्या रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला बघा. हस्त नक्षत्राचा चौकोन दिसतो, त्याच्या डावीकडे वर चित्रा. चित्रेच्या खाली, हस्ताच्या पूर्वेला जी रिकामी जागा वाटते, तिथं ते घडलं. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण मामांना बोट दाखवून सांगता येईल.

---

हळदवाला | सोमवार, सकाळी ७:१५

धनूरास, कुठं घडलं ते कळलं. मामांचा प्रश्न वेगळा आहे. ठिपका दिसला, पण त्यात काय माल आहे हे कसं कळलं? आम्ही हळकुंड मोडून बघतो. ह्यांनी काय मोडलं?

---

प्रयोगशाळेतला | सकाळी ८:४०

प्रकाश मोडला. :)

मी कॉलेजात उपकरणं सांभाळतो. विटेकरीण, मामांना एक विचारा: दुकानात टंच काढायचं मशीन आहे का? हल्ली बहुतेकांकडे असतं. दागिना आत ठेवला, झाकण लावलं, मिनिटभरात पडद्यावर सोनं इतकं, तांबं इतकं, चांदी इतकी. पूर्वी कसोटीच्या दगडावर घासून, तेजाब लावून, रंग बघून जे सांगायचे ते आता ते सांगतं.

ते मशीन दागिन्यावर क्ष-किरण टाकतं. अणूच्या आतल्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन उडतो, वरचा त्याच्या जागी येतो आणि येताना स्वतःचा एक ठरावीक किरण बाहेर टाकतो. सोन्याचा वेगळा, तांब्याचा वेगळा. दोन मूलद्रव्यांची सही एकसारखी नसते. मशीन ती सही वाचतं. मामा रोज जे करतात तेच दुर्बिणीला लावलेला वर्णपटमापक करतो. फरक एवढाच, की ह्यात किरण टाकायला कुणी जात नाही. माल स्वतःच तापलेला असतो, त्याचा आलेला प्रकाश पसरून त्यातल्या रेषा बघायच्या.

मग मोठी दुर्बीण कशाला? तर प्रकाश पसरला की तो विरळ होतो. पेलाभर ताक हंडाभर पाण्यात ओतल्यासारखं. म्हणून आधी भरपूर गोळा करावा लागतो. माणसाच्या बाहुलीचा व्यास अंधारात ७ मिलिमीटर धरा आणि चिलीतल्या पारानालवरच्या व्हीएलटीचा एक आरसा ८.२ मीटर. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तेरा-चौदा लाख डोळ्यांचा प्रकाश एका जागी येतो. असे चार आरसे आहेत तिथं. स्वोपनं ठिपका शोधला, पण तो 'कसाला लावायला' व्हीएलटी आणि जेमिनीसारख्या धटिंगण दुर्बिणी लागल्या.

---

खडूस_तात्या | दुपारी १:३०

भाषण छान. आता सरळ सांगा. त्या प्रकाशात सोन्याची रेषा दिसली का? हो की नाही?

---

प्रयोगशाळेतला | दुपारी २:१०

नाही.

तात्या, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, बातम्यांमध्ये ह्यावर पांघरूण घालतात. सुट्टी, स्वच्छ सोन्याची रेषा कुणाला दिसली नाही. माल प्रकाशाच्या वेगाच्या दहा ते तीस टक्के वेगानं उधळत होता, त्यामुळं रेषा फासटल्या जातात. ओल्या शाईवरून हात फिरवल्यासारख्या.

दिसलं ते असं. पहिल्या दिवशी ठिपका निळसर होता, काही दिवसांत तांबडा झाला, मग उरला तो मुख्यतः अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड. लॅन्थनाइड गटातल्या जड मूलद्रव्यांच्या अणूंमध्ये रेषाच इतक्या दाटीनं असतात, की निळा प्रकाश त्या गर्दीतून बाहेर येऊ शकत नाही. सोनं ज्या कारखान्यात तयार होतं त्याच कारखान्यातला हा माल. न्यूट्रॉनांचा प्रचंड भडिमार झाला की अणू ते गिळत गिळत जड होत जातात, आणि ह्या भडिमारात लॅन्थनाइड झाले आणि सोनं झालं नाही असं गणितात बसत नाही.

आणि एक मूलद्रव्य मात्र नावानिशी सापडलं. व्हीएलटीवरच्या एक्स-शूटर नावाच्या वर्णपटमापकानं जे नोंदलं होतं ते पुन्हा तपासताना २०१९ मध्ये त्यात स्ट्राँशियम ओळखलं गेलं. हे कुठं बघायला मिळतं सांगू? दसऱ्याला कवठे एकंदला जा. आतषबाजीतला लालभडक रंग बहुतेक करून स्ट्राँशियमच्या क्षाराचा असतो.

---

खडूस_तात्या | दुपारी २:२५

म्हणजे चोर दिसला नाही, त्याचे साथीदार दिसले. चालेल. एवढं बातमीत लिहिलं असतं तर मी भांडलो नसतो.

---

माणदेशी_मुलूख | दुपारी ३:००

तात्या भांडला नसता 😄 हीच आजची मोठी बातमी.

---

वाईकर_आजोबा | सायंकाळी ५:४५

उत्तम चर्चा. वर्णपटाचा विषय निघालाच आहे तर आपल्या महाराष्ट्राचा मान विसरू नये. हेलियम वायूचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबानं तिथून निरीक्षण केलं. साहेबाचे ओटे अजून आहेत, मी स्वतः पाहिले आहेत.

---

धनूरास | सायंकाळी ६:३०

आजोबा, नमस्कार. ग्रहणाची तारीख अगदी बरोबर आणि ग्रहणपट्टा भारतातून गेला हेही खरं. पण लॉकियर तेव्हा भारतात नव्हते. त्या दिवशी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. त्यांना सूर्याच्या ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी बघूनही दाखवल्या. लॉकियरनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, तेच केलं. तिथली पिवळी रेषा आधी सोडियमची वाटली, कारण ती सोडियमच्या जोडरेषेला खेटून आहे. पण जागा किंचित वेगळी. पृथ्वीवर तो वायू सापडला १८९५ मध्ये, रॅम्झेंच्या प्रयोगशाळेत. आधी सूर्यात, मग सत्तावीस वर्षांनी इथं.

लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा.

---

वाईकर_आजोबा | रात्री ८:०५

घास योग्य मापाचा आहे. पन्नास वर्षं विद्यार्थ्यांना चुकीचं सांगत आलो म्हणायचं. त्यातले काही आता स्वतः शिक्षक आहेत, त्यांना फोन करावे लागतील.

---

शंका_कुशंका | रात्री ९:१०

बाळबोध प्रश्न. आता अवकाशात जेम्स वेब दुर्बीण आहे. हवा नाही, ढग नाहीत. मग डोंगरावर आरसे घासत बसण्यात काय अर्थ?

---

प्रयोगशाळेतला | रात्री १०:००

प्रश्न बाळबोध नाही. वेबचा आरसा ६.५ मीटर. रॉकेटात घडी घालून न्यावा लागला, बिघडला तर जायची सोय नाही. जमिनीवर हवाईतल्या केक दुर्बिणी १० मीटरच्या, प्रत्येकी ३६ षटकोनी तुकड्यांच्या. चिलीत आर्माझोनेस डोंगरावर ३९ मीटरची उभी राहते आहे, ७९८ तुकड्यांची. जमिनीवर उपकरण जुनं झालं की काढून नवं लावता येतं. शिवाय वेबला सूर्याकडं पाठ ठेवावीच लागते, त्यामुळं एका वेळी आभाळाचा काही भागच बघता येतो.

मामांसाठी खास: आरसा म्हणजे काच, पण प्रकाश परतवतो तो वरचा धातूचा थर. व्हीएलटीवर ॲल्युमिनियम असतं. जेमिनीच्या ८.१ मीटरच्या आरशांवर मात्र चांदी. चांदी अवरक्त प्रकाश जास्त परतवते आणि स्वतःची उष्णता कमी फेकते. किती चांदी लागत असेल? थर १०० नॅनोमीटरचा धरून मी हिशेब केला, पन्नास ग्रॅमच्या आसपास येते. पाच तोळे! आमच्या घरातल्या पूजेच्या ताटात त्याहून जास्त असेल.

---

धनूरास | रात्री १०:४०

हवेबद्दल मी सांगतो, माझा आवडता विषय.

मामांनी भट्टीपलीकडच्या माणसाकडं बघितलं असेल. तापलेल्या हवेतून तो माणूस पाण्यातल्यासारखा हलतो. तारे लुकलुकतात ते ह्याच कारणानं. कितीही मोठा आरसा करा, हवेनं चित्र विस्कटलं की मोठेपणा वाया. त्यावर उपाय असा: लेसर वर सोडायचा. नव्वद किलोमीटर उंचीवर सोडियमचा विरळ थर आहे, तो त्या लेसरनं चमकतो आणि आभाळात एक खोटा तारा तयार होतो. (तोच सोडियम, ज्यानं हेलियमच्या वेळी फसवलं होतं!) तो खोटा तारा किती थरथरतोय हे मोजायचं आणि एक पातळ आरसा सेकंदाला शेकडो वेळा उलट्या बाजूनं वाकवायचा. हवा जितकी बिघडवते तितकं आरसा सुधारतो.

ह्याचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे आपल्या आकाशगंगेचं केंद्र. धनू राशीत आहे, म्हणून माझं हे नाव. एक गट युरोपियन दुर्बिणींवर, राइनहार्ड गेंझेल यांचा, १९९२ पासून. दुसरा केकवर, अँड्रिया गेझ यांचा, १९९५ पासून. दोघांनी काय केलं? त्याच त्याच ताऱ्यांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. बस्स. त्यातला एस-२ नावाचा तारा रिकाम्या दिसणाऱ्या एका जागेभोवती १६ वर्षांत फेरी मारतो. १९ मे २०१८ ला तो सगळ्यात जवळून गेला, पृथ्वी-सूर्य अंतराच्या १२० पट एवढ्या 'जवळून', आणि वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त. त्यावरून मध्ये चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं काहीतरी आहे असं निघालं. दिसत नाही, उजेड देत नाही. कृष्णविवर. दोन गट एकमेकांचे प्रतिस्पर्धी, दुर्बिणी वेगळ्या, गोलार्ध वेगळे, उत्तर एकच. २०२० चं नोबेल दोघांना, रॉजर पेनरोज यांच्यासह.

आपल्याकडून ती जागा दक्षिणेला ४४ अंशांपेक्षा वर चढत नाही. चिलीत जवळजवळ डोक्यावर येते. सगळे चिलीला का धावतात त्याचं हेही एक कारण. पावसाळा नाही हे दुसरं.

---

माणदेशी_मुलूख | रात्री ११:०५

पावसाळा नसणं हाच निकष असंल तर आटपाडीला पण दुर्बीण बसवा की. आमचा काय गुन्हा?

---

कृष्णाकाठची | मंगळवार, सकाळी १०:३०

सगळं चिली-हवाई चाललंय म्हणून भर घालते. माझी मुलगी पुण्यात शिकते, तिच्यामुळं कळलं. २०१७ मध्येच पुण्यातल्या आयुका आणि आयसर इथल्या संशोधकांनी दीर्घिकांचा एक अवाढव्य महासमूह शोधला आणि त्याला सरस्वती नाव दिलं. मीन राशीच्या दिशेला, ४ अब्ज प्रकाशवर्षं लांब. गंमत म्हणजे त्यासाठी त्यांनी नवा फोटो काढला नाही. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या स्लोन दुर्बिणीनं लाखो दीर्घिकांचे वर्णपट घेऊन सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. ते चाळता चाळता भिंतीसारखी दाट रचना सापडली.

विटेकरीण, तुमच्या मामांच्या धंद्यात झारेकरी असतात ना? सोनाराच्या दुकानातली माती धुऊन त्यातला कण काढणारे? तसंच हे.

---

धनूरास | सकाळी ११:१५

कृष्णाकाठची, झारेकरी एकदम पटलं. आता तर माती ढिगानं येणार आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेनं जून २०२५ मध्ये पहिली चित्रं दाखवली. दहाएक तासांच्या निरीक्षणात २,१०४ लघुग्रह आधी कुणालाच माहीत नसलेले.

आणि विसरलोच. त्या सोन्याच्या टकरीनंतर उरलेला रेडिओ उजेड टिपणाऱ्यांत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण होती. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. पुण्याहून जुन्नरकडं जाताना कांदे-टोमॅटोच्या शेतांमधून दिसतात त्या.

---

विटेकरीण | रात्री ९:३५

काल आणि आज मिळून सगळा धागा मामाला वाचून दाखवला. टंचाच्या मशीनपाशी त्यानं मान हलवली. म्हणाला, "असं सांगायचं की मग." पाच तोळे चांदीवर त्याचा विश्वास बसला नाही. कागद घेऊन स्वतः गुणाकार केला, मग बसला.

पण आता त्याचा नवा प्रश्न. त्याच्याच शब्दांत: "मशीन वरचाच थर वाचतंय. मुलामा दिलेला डाग ठेवला तर फसतंय. आतलं कळायला वितळवावंच लागतं. मग त्या गोळ्याच्या आतलं ह्यांना कसं कळलं?"

---

प्रयोगशाळेतला | रात्री १०:२०

मामांना माझा दंडवत. आमच्या मुलांनी वर्षभरात हा प्रश्न विचारला नाही.

खरंच, पहिल्या रात्री दिसला तो वरचाच थर. पण तो गोळा जागेवर बसलेला नव्हता, फुगत होता. फुगेल तसा विरळ, विरळ होईल तसा पारदर्शक. म्हणजे रोज थोडं थोडं आतलं दिसत गेलं. म्हणून एका फोटोवर भागलं नाही. व्हीएलटीनं दोन आठवडे, रात्रीमागून रात्र, मावळतीच्या त्या थोड्या वेळात वर्णपट घेतले. मघाशी सांगितलेला निळ्याचा तांबडा होणारा रंग त्यातलाच. वितळवायचं काम टकरीनंच केलं होतं.

---

विटेकरीण | रात्री १०:५०

वाचून दाखवलं. म्हणाला, "हां." मामाचं 'हां' म्हणजे पावती.

तो शुक्रवारी परत जातोय, दुकान बंद आहे पंधरा दिवस. जायच्या आधी हस्त आणि चित्रा दाखवायचं आहे. गुरुवारी रात्री दंडोबावर कुणी येतंय का? शाळेची दुर्बीण नाही, नुसतं बोटानं दाखवायचं.

---

हळदवाला | रात्री १०:५८

मी येतो. मिरजेतून दोन जागा आहेत गाडीत.

---

धनूरास | रात्री ११:१०

साताऱ्याहून लांब पडतं, पण माझी आठ इंची घेऊन निघतो. तिवई धड आहे. साडेनऊपर्यंत पोचा. ढालगावच्या बाजूच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे पाठीमागं राहतील असं बसू. विजेऱ्यांना लाल कागद लावा.

---

खडूस_तात्या | रात्री ११:१४

डबा कोण आणतंय?